मुरायला ठेवलेली गुहा

माझ्या मोठ्या भावाने तीन वर्षं जमिनीखाली एक गुहा खणली, पण हातात फावडं एकदाही धरलं नाही. त्याचं सगळं काम पाण्यावर चालतं. एका नळीतून गोडं पाणी खाली मिठाच्या थरात सोडायचं, ते मीठ विरघळवतं, आणि खारं पाणी दुसऱ्या नळीने वर येतं. मीठ निघून गेलं की खाली तेवढी जागा मोकळी होते. हे न थांबता चालू ठेवलं की शेवटी एवढी मोठी गुहा होते की आमच्या गल्लीतल्या सगळ्या इमारती एकावर एक रचून आत ठेवता येतील. दादा हे सगळं एका पत्र्याच्या खोलीत बसून, चहा पीत पीत करायचा. वहिनी म्हणायची, "हा बसल्या जागी पाताळ पोखरतो, पण फ्रिजचं दार उघडं राहिलं तर उठून लावणार नाही."

मी त्याच कंपनीत मोजणीचं काम करते. एक लांबोडकं यंत्र नळीतून गुहेत सोडायचं. ते खाली गोल गोल फिरत आवाज फेकतं, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून भिंत किती लांब आहे ते कळतं. असं वरपासून खालपर्यंत मोजत गेलं की गुहेचं चित्र तयार होतं. आराखड्यात सगळ्या गुहा पेरूसारख्या सुबक असतात. खाली गेल्यावर कुणाचा भोपळा झालेला असतो, कुणाची काकडी. मग ते चित्र खणणाऱ्यांना दाखवायचं आणि त्यांच्या शिव्या खायच्या, हाही माझ्या कामाचाच भाग.

भावाने खणायचं आणि बहिणीने मोजायचं, हे बरं दिसतं का, असं मी आमच्या प्रमुख बाईंना सुरुवातीलाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हे यंत्र चालवणारी माणसं दोनच आहेत. एक तुम्ही आणि दुसरा तो चष्मेवाला. तो लांबच्या गुहांवर अडकलाय. तुमचं भावाशी पटतं का?"

"अजिबात नाही," मी म्हणाले.

"मग काही हरकत नाही," म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मी आईला कितीदा तरी समजावलंय. आई दादाकडे राहते, आणि मी त्यांच्याच खालच्या मजल्यावर, त्यामुळे संध्याकाळचं जेवण बहुतेक वरच होतं. मी सांगते, "आई, वारा सुटला, ऊन पडलं की वीज नको तेवढी तयार होते. ती ठेवायची कुठे? मग त्या विजेने पाण्याची फोड करायची. त्यातून हायड्रोजन निघतो. तो गुहेत भरून ठेवायचा. वारा पडला, आभाळ भरून आलं की तो बाहेर काढायचा आणि त्याची परत वीज करायची."

आई नीट ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे पाणी घालून खड्डा करायचा, मग पाणी फोडून गॅस करायचा, गॅस खड्ड्यात घालायचा आणि शेवटी विजेची वीजच. त्यापेक्षा दिवे जरा वेळेवर बंद केले असते तर?"

"हो, पण..."

"आणि तो निसटला म्हणजे?"

"मीठ धरून ठेवतं त्याला. तो पक्का भामटा आहे, लोखंडातसुद्धा शिरतो. पण मिठापुढे त्याचं काही चालत नाही."

"मीठ कुणाचं भलं करतंय म्हणजे!" आई म्हणते. तिला डॉक्टरने मीठ बंद केलंय, तो राग ती जिथे तिथे काढते.

दादाचं मन या गुहेत किती गुंतलं होतं ते सांगायला हवं. आमच्या क्षेत्रावर आधीच्या तीन गुहा होत्या, तिन्ही दुसऱ्यांनी खणलेल्या, तिन्ही गॅसने भरलेल्या. ही चौथी पहिल्या थेंबापासून दादाची. आणि ती मोजणीत उतरली की दादाला पाण्याच्या बाजूकडून गॅसच्या बाजूला घेणार असं ठरलं होतं. पाण्याची बाजू म्हणजे गमबूट, चिखल, कपड्यांवर मिठाचे पांढरे नकाशे. गॅसची बाजू म्हणजे काचेची खोली, समोर पडदे, आणि गुहेत गॅस किती घ्यायचा, किती सोडायचा ते ठरवणारी खुर्ची. दादाला त्या खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने स्वतःच्या गुहेत पहिला गॅस भरायचा होता. हे त्याने ऑफिसात सांगितलं होतं, शेजाऱ्यांना सांगितलं होतं, केस कापणाऱ्यालाही सांगितलं होतं. वहिनीला तर इतकं सांगितलं होतं की तिला ती गुहा सवत वाटायला लागली होती.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी माझी गाडी त्याच्या पत्र्याच्या खोलीपाशी लावली आणि विचारलं, "मुरली का?"

आमच्याकडे हा प्रश्न कायम विचारला जातो. पाणी सोडणं थांबवलं की लगेच मोजायला जायचं नसतं. आत जे पाणी असतं त्याला आणखी मीठ खाण्याची भूक असते. निदान दोन आठवडे गुहेला हात लावायचा नाही. पाण्याने पोट भरून मीठ खाल्लं, आता एक कणही नको म्हणालं, की गुहा मुरली. मुरलेल्या पाण्यात आवाज किती वेगाने जातो त्याचा आकडा ठरलेला आहे. तो यंत्रात घालायचा आणि मोजायला लागायचं. गुहा मुरली आहे हे खणणाऱ्याने सांगायचं, मोजणाऱ्याने ऐकायचं, अशी आमची रीत.

"दोन आठवडे होऊन गेले," दादा म्हणाला. "मुरून मुरून कंटाळली बिचारी. तू मोज लवकर."

मी आकडा घातला, यंत्र सोडलं. दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. दादा माझ्या खुर्चीमागे उभा राहून प्रत्येक रेघेला "वा" म्हणत होता. मग पूर्वेची भिंत यायला लागली आणि त्याची वाहवा थांबली. गुहेला पोट सुटलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं पट्ट्यावरून ओघळणारं.

पूर्वेला पोट म्हणजे वाईट बातमी. त्या बाजूला शेजारची गुहा आहे, गॅसने गच्च भरलेली. दोघींच्या मधली मिठाची भिंत ठरावीक जाडीची हवी. ती पातळ झाली तर गुहा बाद. बाद म्हणजे बाद, खारं पाणी आत ठेवून तोंडावर सिमेंटचं बूच मारायचं आणि त्या जागेला विसरायचं. मी यंत्र वर घेऊन परत सोडलं. परत तेच पोट आलं.

"तुझं यंत्र बिघडलंय," दादा म्हणाला.

"यंत्राला काही झालेलं नाही."

"तू लहानपणी घरातलं घड्याळ उघडून बसलीस, ते आजतागायत बंद आहे. तुझ्या हातात यंत्र दिलं कुणी?"

"आणि तुझ्या हातात पाणी दिलं कुणी? नळ उघडा टाकून झोपणारा माणूस तू!"

पंपावरची दोन माणसं हातातलं काम टाकून ऐकायला आली. मग आम्ही जरा आवाज चढवला, त्यांनाही नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी दादा पत्र्याचं दार आपटून आत गेला आणि मी चित्र घेऊन ऑफिसात गेले. प्रमुख बाईंनी ते पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "शुक्रवारी बैठक घेऊ. चष्मेवाल्यालाही पडद्यावर बोलवते. तोवर तुमच्या भावाला सांभाळा."

दादाला सांभाळायचा प्रश्नच आला नाही, कारण त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी मी वर जेवायला गेले तर तो ताटात डोकं घालून बसलेला.

"तिला सांग, डाळ संपव म्हणावं," दादा वहिनीला म्हणाला. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

"त्याला सांग, माझं पोट भरलंय," मी वहिनीला म्हणाले.

"पोट हा शब्द या घरात काढू नकोस म्हणावं."

"मी टेलिफोन एक्सचेंज आहे का?" वहिनी म्हणाली आणि डाळ स्वतःच्या ताटात ओतून घेतली.

आई दोघांकडे पाहत होती. "पोट सुटलं तर एवढं काय झालं? यांच्या वडिलांचं सुटलं होतं. त्यांना काय कुणी सिमेंटचं बूच मारलं नाही." यावर वहिनी हसली, मी हसले, पण दादाला हसू आलं नाही. तो ताट तसंच टाकून उठला. दादा ताट टाकून उठला म्हणजे प्रकरण गंभीर. त्याला तापातही मी जेवताना पाहिलंय. तीन वर्षं माणूस एकच गोष्ट बोलत होता, आणि ती गोष्ट मी एका रेघेने संपवली होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात मागच्या वर्षीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावून बसले. कुठे चुकलं असेल तर सापडावं, असं मला मनापासून वाटत होतं. स्वतःची चूक शोधायला मी इतक्या आशेने कधी बसले नव्हते. पूर्वेकडे पाहून पाहून डोळे दुखले म्हणून पश्चिमेकडे पाहिलं, आणि तिथे नाक दिसलं.

या गुहेच्या पश्चिमेच्या भिंतीत एक दगडाचा थर आहे. मीठ विरघळतं, दगड विरघळत नाही, त्यामुळे भोवतालचं मीठ गेलं आणि तो थर आत डोकावत राहिला. आम्ही त्याला नाक म्हणतो. पहिल्या मोजणीपासून ते नाक एकाच जागी आहे. या वेळच्या चित्रात मात्र ते चांगलं हातभर... हातभर कसलं, दोन माणसं आडवी झोपतील एवढं मागे सरकलं होतं. तुटलं म्हणावं तर टोक जसंच्या तसं, तीच चपटी नाकपुडी. दगड पाण्यात विरघळत नाही आणि भिंत धरून मागेही चालत जात नाही.

दगड हलला नसेल तर माझं मोजणं हललं. पूर्व, पश्चिम, सगळीकडेच मी भिंती होत्या त्यापेक्षा लांब दाखवल्या होत्या. आणि असं एकाच कारणाने होतं. आवाज मी धरला त्यापेक्षा सावकाश चालत होता. खारट पाण्यात आवाज झपझप जातो, गोड्या पाण्यात रेंगाळतो. म्हणजे आतलं पाणी मुरलेलं नव्हतं.

मी थेट पत्र्याच्या खोलीत गेले. दादा एकटाच होता. चहा पुढ्यात, साय धरलेला.

"पाणी कधी बंद केलंस?" मी विचारलं.

अबोला असल्यामुळे त्याने इकडे तिकडे पाहिलं, पण वहिनी तिथे नव्हती. "सांगितलं ना," शेवटी म्हणाला.

"दादा, नाक सरकलंय."

मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी माझ्याकडे, मग पंपाकडे, मग बुटांकडे पाहायला लागला. मग म्हणाला, "आदल्या संध्याकाळी."

"काय?"

"आदल्या संध्याकाळपर्यंत चालू होतं. शेजारची गुहा आपल्यापेक्षा जराशी मोठी होती गं. जराशीच. म्हटलं, तेवढं पाणी अजून जाऊ द्यावं. आपलीच सगळ्यांत मोठी झाली असती." त्याने चहाचा पेला उचलला आणि परत ठेवला. "त्याने तुझं चित्र बिघडतं हे मला कुठे माहीत? मला वाटलं, मुरणं म्हणजे आपलं रीत म्हणून."

मला भयंकर संताप आला. आणि तो मात्र हळूहळू उजळायला लागला. "थांब, थांब. म्हणजे एवढं पोट नाहीच आहे! म्हणजे माझी गुहा चांगली आहे!"

"असेल. आतलं पाणी अजून मीठ खातंय, त्यामुळे आणखी थोडी वाढेल. पण मुरल्यावर परत मोजली तर मापात बसेल बहुतेक."

"मग मोज ना परत!"

"परत का मोजायची, ते बैठकीत सांगावं लागेल."

इथे त्याचा चेहरा उतरला. आमच्याकडे गॅसच्या बाजूच्या माणसाला एका गोष्टीची माफी नसते. खालचा गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. काचेच्या खोलीतला माणूस फोनवर जे सांगतो त्यावर बाकीचे सगळे चालतात. न मुरलेल्या गुहेला मुरली म्हणणाऱ्याला त्या खुर्चीत कोणी बसू देणार नाही, हे दादालाही ठाऊक होतं. गप्प बसलं तर गुहा जाणार होती. बोललं तर खुर्ची जाणार होती.

"तू सांग ना, यंत्र बिघडलं होतं म्हणून," तो म्हणाला. "दुरुस्त केलं म्हणायचं आणि परत मोजायचं. गुहाही राहील, मीही राहीन."

"आणि माझं काय?"

"तुझं काय होणार? यंत्रं बिघडतात. दोन दिवस हसतील."

मी निघाले. दार मीही आपटलं. आमच्या घराण्यात दारांना फार सोसावं लागतं.

पण घरी जाईपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी नको ते यायला लागलं. मला शाळेत सायकल शिकवताना मागून धरून धावणारा दादा आठवला. बाबा गेल्यावर माझं शिक्षण थांबू नये म्हणून स्वतःचं सोडून पाण्याच्या बाजूला कामाला लागलेला दादा आठवला. गमबूट घालून तो घरी यायचा तेव्हा मी त्या यंत्राचा अभ्यास करत बसलेली असायचे. गुरुवारी मी जेवायला वर गेले नाही. वहिनी खाली डबा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हा दोघांचं काय चाललंय ते मला सांगू नका. पण तो दोन दिवस झोपलेला नाही." त्यावर मी ठरवूनच टाकलं. यंत्र बिघडलं होतं असं सांगायचं. हसले तर हसू देत.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला प्रमुख बाई, दुसऱ्या टोकाला दादा, इस्त्रीच्या शर्टात, आणि भिंतीवरच्या पडद्यावर चष्मेवाला. चष्मेवाला चांगला माणूस आहे, फक्त एक वाक्य सुरू करून संपवेपर्यंत ऐकणाऱ्याचं वय वाढतं.

"बोला," प्रमुख बाई मला म्हणाल्या.

"मोजणीत घोळ आहे," मी म्हणाले. "नाक सरकलेलं दिसतंय, म्हणजे चित्र चुकीचं आहे. मला वाटतं... यंत्रात बिघाड असावा. दुरुस्त करून परत मोजते."

प्रमुख बाईंनी मान हलवली. दादाने श्वास सोडल्याचा आवाज मला टेबलाच्या या टोकाला आला. तेवढ्यात पडद्यावरून चष्मेवाल्याचा आवाज आला. "एक... शंका होती... माझी."

आम्ही वाट पाहिली.

"हे यंत्र... तेच ना, ज्याने... उरलेल्या तिन्ही गुहा... मागच्या वर्षी मोजल्या?"

"हो," मी म्हणाले.

"मग बिघाड... कधीपासून आहे?"

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. हा विचार मी केलाच नव्हता. दोन दिवस मी माझं नाव आणि दादाची गुहा यांचाच हिशेब करत होते. यंत्र खोटं ठरलं तर त्या तिन्ही गुहांची मापंही खोटी ठरणार होती. त्या गुहा भरलेल्या होत्या. मापांवर भरवसा नसेल तर आत गॅस ठेवता येत नाही, सगळा बाहेर काढून त्या रिकाम्या कराव्या लागतात. थंडी तोंडावर आली होती. अर्धं शहर त्या गॅसच्या भरवशावर होतं.

"कधीपासून?" प्रमुख बाईंनी विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काहीच वाटेना. खोटं एकदा बोलून झालं होतं आणि आता त्याला आणखी एक जोडावं लागणार होतं. मी तोंड उघडलं. नक्की काय बोलणार होते ते आजही मला माहीत नाही.

"यंत्र चांगलं आहे," दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, शाळेत उभं करतात तसा.

"यंत्राला काही झालेलं नाही. ती मोजते ते बरोबरच असतं. गुहा मुरलेली नव्हती. आदल्या संध्याकाळपर्यंत मी पाणी सोडत होतो आणि तिला खोटं सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून आकडा घातला. आता ती जे बोलली तेसुद्धा माझ्यामुळे बोलली. बाकीच्या गुहांना हात लावायची गरज नाही."

प्रमुख बाईंनी पेन परत उचललं. पडद्यावर चष्मेवाल्याचं तोंड उघडलेलं होतं, तो कदाचित सुरुवात करत असेल.

प्रमुख बाई शेवटी म्हणाल्या, "गुहा महिनाभर बंद ठेवा. मुरली की मोजायला चष्मेवाले येतील." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याशी मी वेगळं बोलेन." ते वेगळं बोलणं पुढे अर्धा तास चाललं, आणि त्यातला शब्द अन् शब्द मला लागू होता. मग त्या दादाला म्हणाल्या, "गॅसच्या बाजूला तुम्हाला घेता येणार नाही. कळतंय ना?"

"हो," दादा म्हणाला. "गुहा मापात बसली तर राहील ना?"

"बसली तर राहील."

"मग चालेल," म्हणाला आणि खाली बसला. शर्टाची इस्त्री अजून मोडलेली नव्हती.

तो महिना आमच्या घरात कसा गेला ते विचारू नका. आतलं पाणी रोज थोडं थोडं मीठ खात होतं, आणि किती खाणार ते कोणालाच सांगता येत नव्हतं. दादा जेवता जेवता थबकायचा आणि जमिनीकडे बघत राहायचा. आई म्हणायची, "गुहा मुरतेय की हा?" वहिनीने त्याला घरातला बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करायला लावला, त्यात त्याने सगळ्या मजल्याचं पाणी घालवलं. पण आमचा अबोला संपला होता. त्याविषयी कोणी काही बोललं नाही, फक्त वहिनीला आता निरोप पोचवावे लागत नव्हते.

चष्मेवाला आला. त्याने गुहा मुरल्याचं कोणाचंही तोंडी ऐकलं नाही. आधी आतल्या पाण्यात आवाजाचा वेग मोजला आणि मगच कामाला लागला. मी लांब उभी होते, दादा माझ्याही मागे. पश्चिमेची भिंत आली. नाक आपल्या जागी, जिथे कायम असतं तिथे. मग पूर्वेची. चष्मेवाला पडद्याकडे पाहून म्हणाला, "पोट... आहे."

दादाने माझं मनगट धरलं. चांगलंच दुखलं.

"पण..." चष्मेवाल्याने चष्मा पुसला. मला वाटलं मी त्याचा गळा दाबते आता. "पण... चालण्यासारखं... आहे."

गुहा मापात बसली, अगदी काठावर बसली. सगळ्यांत मोठी मात्र झाली नाही. शेजारची अजून जराशी मोठीच आहे, आणि दादा त्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

पहिला गॅस भरायच्या दिवशी मला काचेच्या खोलीत बोलावलं होतं. दादाच्या खुर्चीत दुसऱ्याच क्षेत्रावरून आलेला एक माणूस बसला होता, शांत, नेमका, त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मी प्रयत्न केला होता. त्याने पडद्यावर बोट टेकवलं, एक काटा थोडासा हलला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बघण्यासारखं तेवढंच होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि कुंपणाच्या कडेने चालत क्षेत्राच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथे पाचव्या गुहेसाठी नवी नळी रोवली होती आणि दादा गमबूट घालून पंपाशी खटपट करत होता.

"गेला आत?" त्याने मान वर न करता विचारलं.

"गेला."

"नीट?"

"अगदी नीट. काही दिसत नाही. एक काटा हलतो."

"तेवढंच?" तो म्हणाला. मग पाना खाली ठेवून पंपावर बसला. "तीन वर्षं मी त्या काट्यासाठी..."

मी त्याच्या शेजारी बसले. बसायला जागा नव्हती, तेल लागलं, तरी बसले. "तू बैठकीत बोलला नसतास तरी गुहा राहिली असती कदाचित," मी म्हणाले. "मी काहीतरी जुळवलं असतं. यंत्र गेल्या आठवड्यातच बिघडलं, असं काहीतरी."

"माहीत आहे मला. तू तोंड उघडलंस तेव्हाच कळलं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मी गुहेसाठी नाही बोललो, चिंगे. गुहा गेली असती तर दुसरी खणली असती, मिठाला काय तोटा आहे? पण तू मोजणारी. तू म्हणालीस इतकं आहे, की लोक डोळे मिटून वर घरं बांधतात. आणि माझ्यापायी तू तिथे उभी राहून खोटा आकडा बोलणार होतीस. ते मला ऐकवलं नसतं."

मला रडू आलं. मग त्यालाही आलं. पंपावरच्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं तेव्हा दादाने हात लांब करून बटण दाबलं. पंप धडधडायला लागला, नव्या नळीतून पाणी खाली जायला लागलं, आणि त्या आवाजात आम्ही दोघं मोकळेपणाने रडलो.